ओव्याचें फूल व हिरड्यांचा रोग

हिरड्यांतून रक्त येणें, तोंडास घाण मारणें व दांत हलूं लागणें या गोष्टी उतारवयांत व्हावयाच्याच, अशी आपल्या लोकांत समजूत आहे. ती खरी नव्हे. दांत व हिरडी यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो न काढल्यास हिरडी सुजते. पुढें ती दांतापासून सुटून खोल खांच पडते व तींत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस यांसारखे हवेवांचून जगणारे जंतु माजतात. शेवटीं दांतांस धरून ठेवणारें हाड झिजतें. झिजलेलें हाड आपोआप भरून येत नाहीं.

या जंतूंवर चालणारा एक पदार्थ शेतकऱ्यांच्या ओळखीच्या पिकांत आहे. ओवा भरडून वाफेच्या भट्टींत घातला असतां शेंकडा सुमारें २ ते ४ भाग तेल निघतें. तें थंड करून ठेवल्यास त्यांतून पांढरे खडे सुटतात. त्यांस आपण ओव्याचें फूल म्हणतों. शास्त्रीय नांव थायमॉल. इ. स. १९१४ च्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जर्मनीस जाऊन तेथें थायमॉल तयार होत असे. सन १८७९ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या लिस्टरीन या गुळण्यांच्या औषधांत निलगिरी, पुदिना व विंटरग्रीन यांच्या सत्त्वांबरोबर थायमॉलच घातलेलें असतें.

जंतूच्या अंगाभोंवतीं स्निग्ध पदार्थाचा पातळ पापुद्रा असतो. थायमॉल स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतें, म्हणून तें पापुद्र्यांत शिरून तो फाडतें. आंतील क्षार बाहेर गळतात व जंतु मरतो. लवंगेच्या तेलांतील युजेनॉलही याच रीतीनें काम करतें.

परंतु कांचेच्या नळींत जें घडतें तें सर्व तोंडांत घडत नाहीं. चिकट थराच्या तळाशीं असलेले जंतु झांकलेले राहतात. यास्तव आधीं ब्रशनें थर मोडला पाहिजे. मग गुळण्यांचा उपयोग. अशा जोड उपचारानें थर व हिरड्यांची सूज कमी होते, असें रोग्यांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. खोल खांचेंत मात्र गुळणीचें पाणी पोंचत नाहीं, व दांतावर दगडासारखें जमलेलें किटण तर कोणत्याही तेलानें सुटत नाहीं. तें दंतवैद्यानेंच खरवडून काढावयाचें असतें.

आणखी दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. ओव्याचें अगर लवंगेचें निव्वळ तेल हिरडीस चोळूं नये, कारण त्यानें कातडी भाजते. तें पोटांत घेऊं नये व मुलांच्या हातीं देऊं नये. दुसरें, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिनें दांत बळकट होत नाहींत. उलट हिरड्या खालावतात व तोंडाच्या कर्करोगाचें भय वाढतें. विडी ओढणाऱ्याच्या हिरडींतून रक्त कमी येतें, त्यामुळें आंतला रोग त्यास उशिरां कळतो.

सकाळीं व रात्रीं दांत नीट घांसूनही पंधरा दिवसांत रक्त थांबत नसेल, तर घरगुती औषधांत वेळ न घालवितां दंतवैद्यास दाखवावें. मधुमेह असणारांनीं तर तितकेंही थांबूं नये, कारण त्यांच्यांत हा रोग लवकर बळावतो.