संमती एकदाची, वजावट दरमहाची

दुकानात पाहुण्यासाठी मागवलेला चहादेखील ज्या घरांत रोजमेळात लिहिला जातो, त्याच घरांत गेल्या काही वर्षांत एक खर्च असा शिरला आहे, की त्याची नोंद बहुधा कोणीच करीत नाही. चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने आणि गाणी यांसाठी दरमहा किंवा दरवर्षी भरली जाणारी ऑनलाइन वर्गणी हा तो खर्च. ती मागायला कोणी दारी येत नाही, तिची पावती गल्ल्यात पडत नाही आणि रक्कम इतकी बेताची असते, की खातेउताऱ्यावर दिसली तरी नजर पुढे सरकते. या सेवांविषयीची नाराजी मात्र घरोघरी ऐकू येते. पैसे भरूनही जाहिराती का? हवा असलेला चित्रपट नेमका दुसऱ्याच ॲपवर का? नको म्हटल्यावरही रक्कम कापली कशी गेली?

दर वाढल्याचा राग स्वाभाविक आहे. परंतु या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी माझ्या मते एकच गोष्ट आहे. पैसे देण्याचा निर्णय आपण एकदाच घेतो, आणि पैसे मात्र पुन्हा पुन्हा जात राहतात.

केबलवाला आणि ॲप

केबलचे दिवस आठवून पाहावेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलचालकाचा माणूस छोटे पावतीपुस्तक घेऊन येत असे. चार दिवस प्रक्षेपण बंद राहिले असेल, तर घरातील माणूस त्याला तिथेच विचारीत असे. प्रसंगी दहा-वीस रुपये कमी देत असे. सेवा उत्तम होती असे नव्हे. परंतु प्रत्येक महिन्याला देणाऱ्याचा हात खिशाकडे जात होता आणि तो हात थांबूही शकत होता. व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणली किंवा चित्रपटगृहाचे तिकीट काढले, तरी व्यवहार त्या दिवसापुरता पुरा होई.

ऑनलाइन वर्गणीने हा क्रम उलटा केला. आता पैसे देण्यासाठी काही करावे लागत नाही. न देण्यासाठी करावे लागते. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर ग्राहकाचे मौन हीच त्याची मागणी समजली जाते. कोणत्याही व्यापाऱ्याने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे न विचारता दरमहा साखरेचे पोते टाकून बिल लावले, तर ते गिऱ्हाईक किती महिने टिकेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

रक्कम तीच, वस्तू बदलती

ठरलेल्या भावात ठरलेला माल, हा व्यापाराचा साधा नियम. इथे भाव आणि माल दोन्ही बदलत राहतात. ॲमेझॉन प्राइम भारतात २०१६ साली आले तेव्हा प्रास्ताविक वार्षिक वर्गणी ४९९ रुपये होती. पुढे ती ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९. वस्तू घरपोच मिळण्याची सोय तिच्यात असल्याने ही वाढ अनेकांनी स्वीकारली. मात्र जून २०२५ पासून याच सेवेच्या चित्रपट-मालिकांमध्ये जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये, असा नवा भाव आला. यूट्यूबच्या जाहिरातमुक्त सेवेची कौटुंबिक वर्गणी ऑगस्ट २०२४ मध्ये दरमहा १८९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली.

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर उतरवले, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. दोन पडद्यांवर एकाच वेळी पाहता येणारी योजना ६४९ रुपयांवरून ४९९ रुपयांवर आली. परंतु जुलै २०२३ पासून एकाच घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यास त्यांनी भारतातही बंदी केली. ज्या कुटुंबातील एक भाऊ सोलापुरात, दुसरा इचलकरंजीत आणि मुलगा शिक्षणासाठी पुण्यात आहे, त्या कुटुंबाची व्याख्या अशा रीतीने कंपनीने ठरवली. क्रिकेटचेही तसेच. आयपीएलचे सामने २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर विनामूल्य दिसले; २०२५ मध्ये विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या जिओहॉटस्टारवर पूर्ण सामन्यांसाठी वर्गणीची योजना घ्यावी लागली.

आता बेरीज करू. नेटफ्लिक्सचे दरमहा ४९९ म्हणजे वर्षाचे ५,९८८. प्राइमचे १,४९९ आणि जाहिराती टाळण्याचे ६९९. यूट्यूबचे दरमहा २९९ म्हणजे ३,५८८. एकूण ११,७७४ रुपये. क्रिकेट, गाणी आणि मराठी चित्रपटांची वेगळी ॲप अजून या बेरजेत नाहीत. ही रक्कम एका वेळी कोणी मागितली असती, तर घरात दोन दिवस चर्चा झाली असती. तुकड्यांनी गेली म्हणून चर्चाच झाली नाही.

पंधरा हजारांच्या खालची वाट

बँकेतील नोकरीच्या काळात आम्ही ‘स्थायी आदेश’ नावाचा अर्ज हाताळत असू. दरमहा अमुक तारखेला अमुक रक्कम अमुक खात्यात वळती करावी, असे ग्राहक स्वतःच्या सहीने लिहून देत असे आणि तशाच सहीच्या पत्राने तो आदेश थांबवता येत असे. आजचे ई-मँडेट हे त्याच आदेशाचे नवे रूप आहे. फरक इतकाच, की अर्ज आता सेवा देणाऱ्याच्या पडद्यावर भरला जातो आणि तो भरताना आपण आदेश देत आहोत, याची जाणीव फार थोड्यांना असते.

रिझर्व्ह बँकेने याविषयी ऑगस्ट २०१९ मध्ये नियम काढले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीच्या वेळी ओटीपीसारखी अधिकची खातरजमा आवश्यक झाली. प्रत्येक वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेलीच पाहिजे. तिच्यात व्यापाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख असलीच पाहिजे. आणि त्या वजावटीला किंवा संपूर्ण मँडेटला नकार देण्याची सोय ग्राहकाला असली पाहिजे. ही मोठी सुधारणा होती.

तरीही एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. अशा आवर्ती व्यवहारांत दर वेळी ओटीपी मागण्याची गरज नसलेली मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. करमणुकीची प्रत्येक वर्गणी या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. म्हणजे एकदा नोंदणी झाली, की पुढे आपल्या आणि वजावटीच्या मध्ये फक्त तो २४ तास आधीचा संदेश उभा असतो.

पाहणारा एक, संदेश दुसऱ्याला

व्यापारी कुटुंबांत हा एकमेव पहारेकरी अनेकदा निष्प्रभ ठरतो. कार्ड वडिलांचे, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक दुकानातला, ॲप नातवाच्या फोनमध्ये आणि मालिका पाहणाऱ्या आजी. संदेश येतो तो पेढीवर, दिवसभराच्या शंभर संदेशांच्या गर्दीत. ज्याला संदेश दिसतो त्याला ती सेवा कोण पाहते हे ठाऊक नसते, आणि जो पाहतो त्याला पैसे कधी जातात हे ठाऊक नसते. दोघांपैकी कोणीच चुकीचे वागत नाही, तरी वर्षभर पैसे जात राहतात.

याचा त्रास रकमेपुरता राहत नाही. सहा महिन्यांनी कोणी खातेउतारा तपासला, की पहिला संशय घरातील मुलांवर जातो. मुलाने विनामूल्य महिन्यासाठी कार्ड जोडलेले असते आणि महिना संपल्यावर तो ते विसरलेला असतो. पाचशे रुपयांसाठी आजोबा आणि नातू यांच्यात जे शब्द होतात, ते पाचशे रुपयांत परत घेता येत नाहीत. एकत्र कुटुंबात पैशाइतकाच विश्वासाचाही ताळेबंद असतो.

चातुर्मासात अनेक घरांत दूरचित्रवाणी बंद असते, काही ठिकाणी पर्युषणापुरती तरी. पडदा बंद होतो. वर्गणी चालूच राहते. न वापरलेल्या चार महिन्यांचे पैसे देण्याऐवजी तेवढ्या काळासाठी वर्गणी थांबवावी, हा साधा विचारही कोणी तारीख ध्यानात ठेवणारा नसल्याने राहून जातो.

आत येण्याचा दरवाजा रुंद, बाहेरचा अरुंद

सेवा सुरू करायला एक बटण पुरते. बंद करायला मात्र ‘खाते’, त्यात ‘योजना’, त्यात ‘व्यवस्थापन’ आणि प्रत्येक पायरीवर ‘खरोखर जाणार का?’ असा प्रश्न. हा योगायोग नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात प्राइमची सदस्यता रद्द करण्याची वाट मुद्दाम लांब ठेवल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता २५० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातील १५० कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते.

आपल्याकडेही कायदा मुका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरील १३ युक्त्या नोंदवल्या आहेत. त्यांत ‘वर्गणीचा सापळा’ ही स्वतंत्र युक्ती आहे. रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय दडवणे आणि विनामूल्य सेवेसाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप वजावटीची संमती सक्तीने घेणे, हे सारे त्यात येते. अशी अडवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बँकेकडून सूचना न येता रक्कम गेली असेल, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तक्रारीसोबत पडद्याचे छायाचित्र आणि तारीख असावी. पुराव्याशिवायची तक्रार म्हणजे सही नसलेला धनादेश.

दुकानाचे कार्ड, घरची करमणूक

एक सूचना खास व्यापारी वाचकांसाठी. चालू खात्याचे कार्ड हाताशी असते म्हणून घरची वर्गणी त्याच कार्डाला जोडली जाते. हिशेबनीस ती ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून टाकतो आणि बिलावर जीएसटी दिसला, की तिची वजावटही घेतली जाते. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तू व सेवांवरील कराचे क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही, आणि प्राप्तिकरातही खाजगी खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. अशी रक्कम उचल खात्यावरच पडली पाहिजे. किरकोळ रकमेसाठी तपासणीत उत्तरे देत बसण्यापेक्षा कार्ड बदलणे सोपे.

वहीचे एक पान

या सेवा टाकाऊ आहेत, असे माझे म्हणणे नाही. गुडघेदुखीने घराबाहेर न पडणाऱ्या ज्येष्ठांना त्या सोबत देतात आणि जुने मराठी चित्रपट घरबसल्या दाखवतात. हवे आहे ते इतकेच, की देण्याचा निर्णय पुन्हा देणाऱ्याच्या हाती यावा. त्यासाठी पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, ॲप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती ज्या ठिकाणी घेतली तिथेच रद्द करावी लागते. गूगल किंवा ॲपलच्या ॲप दुकानातून घेतली असल्यास तेथील वर्गण्यांच्या यादीतून. दुसरी, वर्गणी रद्द केल्यावर मँडेटही रद्द झाले का ते पाहावे. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या सदराखाली चालू असलेली सर्व मँडेट दिसतात. कार्डाची बँकेच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत विचारून कळतात. तिसरी, विनामूल्य महिना घेतलाच तर मुदत संपण्यापूर्वी दोन दिवस आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. चौथी, वर्षाची वर्गणी महिन्याच्या मानाने स्वस्त दिसते, पण ती बाराही महिने पाहणाऱ्यालाच स्वस्त पडते. एखाद्या स्पर्धेसाठी किंवा सुट्टीसाठी महिन्याचीच घ्यावी. पाचवी, सर्व वर्गण्यांसाठी एक वेगळे बचत खाते ठेवून त्यात ठरावीक रक्कमच भरावी. खात्यात रक्कम नसेल, तर वजावटही होणार नाही आणि घरात विचारणा आपोआप होईल.

आणि शेवटची गोष्ट. दिवाळीत वहीपूजन झाल्यावर नव्या वहीचे एक पान वर्गण्यांसाठी राखावे. सेवेचे नाव, रक्कम, नूतनीकरणाची तारीख, कोणत्या खात्यातून आणि घरात कोण पाहते, असे पाच रकाने आखावेत. त्या दिवशी सारे कुटुंब एकत्र असतेच. प्रत्येक नाव मोठ्याने वाचावे आणि पाहणाऱ्याने ‘हवे’ म्हटले, तरच ते पुढील वर्षाच्या पानावर उतरवावे.