नावाचा चषक आणि कट्ट्यावरची निवड समिती

संपादकांनी गडहिंग्लजच्या फुटबॉलचा आढावा मागितला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे विजेत्या-उपविजेत्यांची यादी असणार. तशी यादी गावात दोघा-तिघांकडे असते आणि त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. मी त्या फंदात पडत नाही. मला दोन गोष्टींविषयी लिहायचं आहे. सामना सुटल्यावर आमच्याकडे खेळाडूंवरून जो वाद पेटतो, ती एक. ज्यांच्या पैशावर हा खेळ उभा राहिला आणि जे आज नाहीत, त्यांची आठवण आपण कशी ठेवतो, ही दुसरी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मानणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. ते या निमित्ताने पुढे चालवतो.

इतिहास झटपट उरकतो. कोल्हापूर संस्थानात फुटबॉल वाढला तो राजाश्रयावर आणि तालमींच्या जोरावर. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्थापन झाली. पुढे शाहू स्टेडियम झालं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींनी संघ बांधले. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब उभे राहिले. कुस्तीच्या गावातल्या पोरांनी चेंडूचा नाद कसा लावून घेतला, यावर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात लेख येतोच. तो जरूर वाचावा. मी पुढे सरकतो.

शहरातले काही जाणकार गडहिंग्लजला कोल्हापूरच्या फुटबॉलची फांदी म्हणतात. म्हणोत. पण दोन्हीकडच्या प्रेक्षकांत नीट बसून पाहिलेल्या माणसाला फरक लगेच कळतो. कोल्हापुरात पोरगं चालायला लागायच्या आत कुठल्यातरी तालमीचं झालेलं असतं. मंगळवार पेठेतल्या घरात जन्मलेल्याने शिवाजी पेठेच्या संघासाठी टाळी वाजवायची म्हणजे घरात जेवायला मिळणं मुश्कील. आमच्याकडे ओढ गावाची आणि शाळेची. एम. आर. हायस्कूलचं मैदान हे आमचं स्टेडियम. शाळा सुटली की तिथे चेंडू पडतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याच मैदानावर गडहिंग्लज युनायटेडच्या अखिल भारतीय स्पर्धेला गोवा, केरळ, हैदराबाद, बंगळूर अशा लांबलांबच्या संघांची पोरं उतरतात. हिरण्यकेशीच्या काठचा एक तालुक्याचा गाव लोकांच्या वर्गणीवर परराज्यातले संघ बोलावतो, त्यांची राहण्या-जेवणाची सोय बघतो, आणि वर त्यांच्याच गोलकीपरचं गावच्या गोलकीपरपेक्षा जास्त कौतुक करतो. फांदीला हे जमत नाही.

हे कौतुक फार महत्त्वाचं. पेठेच्या मैदानात आपला संघ हरला की पंच चोर असतो. आमच्याकडे निम्मे सामने असे, की दोन्ही संघ परके. मग प्रेक्षक कुणाची बाजू घेणार? खेळाची घेतो. सेमीफायनलला केरळ आणि बंगळूर समोरासमोर, आणि कडेला आजरा, चंदगड, संकेश्वर, निपाणीहून आलेली माणसं, मिरचीचे अडते, कारखान्यातले कामगार, एसटीतले कंडक्टर, शाळामास्तर. घरी आकाशकंदील अजून टांगायचा राहिलेला. कुणाचंच घोडं शर्यतीत नाही, त्यामुळे डोळे साफ. खेळ बघायला गडहिंग्लज असं शिकलं, आणि मग त्याच डोळ्यांनी स्वतःच्या पोरांकडे बघायला लागलं. आमच्या खेळाडूंना याचा त्रासच झाला, पण तो चांगला त्रास होता.

आता कट्ट्याकडे येतो. हा माझा आवडीचा विषय आहे, तेव्हा थोडं सैल सोडा.

सामना सुटला की चहाच्या गाड्याभोवती जी मंडळी जमतात, त्यांना मी निवड समिती म्हणतो. या समितीला अधिकार शून्य, पण तिची बैठक चुकत नाही. तिच्यात काही पदं कायमची. एक असतो जुन्या खेळाडूंचा वकील. आजच्या कुठल्याही पोराने कितीही गोल मारले तरी त्याच्यासमोर तो तीस वर्षांपूर्वीचा कुणीतरी उभा करतो, जो अनवाणी खेळायचा आणि ज्याचा फटका कुणी अडवलाच नाही. दुसरा असतो मास्तर. त्याला निकालाशी घेणं नसतं. चेंडू थांबवताना पायाचा कोन कसा होता, तेवढंच तो बघतो. तिसरा भावनावाला: "पोरगं रात्रपाळी करून आलंय हो, बोलू नका त्याला." आणि चौथा, ज्याने सामना पाहिलेलाच नसतो, पण ज्याचं मत सगळ्यात ठाम.

वादाचे विषयही ठरलेले. डाव्या पायाचा खेळाडू उजवीकडे का खेळवला? कॉर्नरला कीपर बाहेर आला कशाला? आला तर आला, मग मुठीने चेंडू का मारला नाही? दोघांना चकवून तिसऱ्याकडे चेंडू घालवणाऱ्या फॉरवर्डला कुणीतरी "सोड की रं बॉल!" असं ओरडलेलं असतं, ते ओरडणं बरोबर होतं का? या शेवटच्या प्रश्नावर मी मैत्र्या तुटताना पाहिल्या आहेत.

माझं स्वतःचं दुखणं हाफबॅकचं. ते गावाला पाठ आहे, तरी इथे पुन्हा नोंदवतो. आपल्याकडे बक्षीस कुणाला? सर्वाधिक गोल मारणाऱ्याला. उत्कृष्ट गोलरक्षकाला. फार तर मालिकावीर, आणि तोही बहुतेक फॉरवर्डच. मधल्या फळीत उभा राहून समोरच्याचा चेंडू काढून घेणारा, दोन पावलं सरकून आपल्या बॅकची चूक झाकणारा, चेंडू घेऊन न पळता तो योग्य माणसाला देणारा हाफबॅक टाळ्यांविना मैदान सोडतो. मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या संयोजकांना 'उत्कृष्ट हाफबॅक' असं बक्षीस ठेवा म्हणून सुचवलं. ते म्हणाले, "दादा, त्याला निवडायचं कसं? तो काही करताना दिसतच नाही." याच वाक्यावर माझा आक्षेप आहे. तो दिसत नाही, कारण बघायचं शिकवलेलं नाही.

अलीकडे कट्ट्यावर सगळ्यात जास्त आवाज चढतो तो बाहेरच्या खेळाडूंवरून. कोल्हापूरच्या संघांतून नायजेरिया, घाना इथले खेळाडू उतरू लागले तेव्हापासून हा वाद जिल्हाभर आहे. एक बाजू म्हणते, त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, आपली पोरं खांद्याला खांदा भिडवायला शिकली, गर्दी परत आली. दुसरी म्हणते, वर्षभर घाम गाळणारं पेठेतलं पोरगं बाकावर बसतं आणि हंगामापुरता आलेला गडी चषक उचलतो. मी दोन्ही बाजूंना मान देतो, पण मत देतो ते दुसरीला. परका संघ बोलवा, त्याच्याशी खेळा, त्याच्याकडून शिका. गडहिंग्लजने हेच केलं. स्वतःच्या संघातली जागा विकत घेतलेल्या माणसाने भरणं ही वेगळी गोष्ट.

पोरं तयार होत नाहीत, हे कारण तर मला अजिबात पटत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत भारत अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही हरला, पण कोल्हापुरात निकाल कुणाच्या लक्षात नाही. पोरगं कुणी घडवलं, यावरच वाद. कोल्हापूरचाच निखिल कदम मोहन बागानच्या विंगवर खेळला तेव्हाही तेच. यशाचे बाप पुष्कळ असतात, हे ठीक. पण आता बाराव्या वर्षी मैदानात उतरलेल्या पोराला बूट कोण देतो, हे विचारलं की कट्टा पांगतो.

इथून मी देणाऱ्यांकडे वळतो.

फुटबॉलच्या दात्यांत माझ्या मते सगळ्यात मोठा किस्सा इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नचा. पोलादाच्या धंद्यात पैसा केलेला जॅक वॉकर लहानपणापासून ज्या क्लबचा चाहता होता, त्यात त्याने १९९१ पासून पैसा ओतला. व्यवस्थापक म्हणून केनी डॅल्ग्लिशला आणलं, गोल मारायला अ‍ॅलन शिअररला आणलं, आणि १९९५ मध्ये क्लबने ८१ वर्षांनी लीग जिंकली. वॉकर २००० साली गेला. मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे, बाहेर पुतळा आहे. २०१० मध्ये हाच क्लब आपल्या पुण्याच्या व्यंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीने विकत घेतला. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि चिडलेल्या लोकांनी मैदानात चक्क जिवंत कोंबडी सोडली. अनिकेत जाधव २०१९ मध्ये सरावासाठी गेला तो याच क्लबात. सांगायचा मुद्दा असा की दाता गेल्यावर स्टँडवरचं नाव क्लब वाचवत नाही. मालकाला जाब विचारणारी, वॉकरच्या काळाशी तुलना करून भांडणारी माणसं स्टँडमध्ये उरली, म्हणून वॉकर उरला.

आपल्याकडच्या कंपन्यांच्या संघांचं उदाहरण उलट्या बाजूने बघा. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक या शतकाच्या तोंडाशी थांबला. या सगळ्यांवर हळहळ झाली, अग्रलेख आले, आणि संपलं. मुंबईच्या कूपरेज मैदानाबाहेर कुणी त्यासाठी कॉलर पकडल्याचं ऐकिवात नाही. कंपनीचा हिशेब बदलला की संघ जातो. माणसाचा जीव गुंतलेला असतो तेव्हा गोष्ट वेगळी.

कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव, सगळ्यांचे अण्णा, २ डिसेंबर २०२१ रोजी गेले. उद्योजक म्हणून आणि २०१९ च्या निवडणुकीतल्या विजयाबद्दल त्यांच्यावर बरंच लिहून आलं. पण मैदानातल्या माणसांना ते आठवतात ते स्वतः फुटबॉल खेळलेले म्हणून. खेळलेला दाता आणि न खेळलेला दाता यांत फरक असतो. न खेळलेला बक्षीस समारंभाला येतो. खेळलेल्याला सराव किती वाजता असतो ते माहीत असतं.

आणि मग आमचे छोटे दाते. त्यांची नावं मी लिहीत नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. बाजारपेठेतले एक भुसारी दुकानदार होते, सगळ्यांचे मामा. स्पर्धेची वर्गणी मागायला पोरं गेली की आधी मागच्या वर्षीचा हिशेब मागायचे. गल्ल्यातून नोटा काढून देताना सांगायचे, "पावती फाडा. पावती फाडली की मला बोलायचा हक्क." तो हक्क ते पुरेपूर वसूल करायचे. मैदानाच्या कडेला उभे राहून पहिल्या मिनिटापासून डाव्या बॅकच्या नावाने ठणाणा. त्यांच्या जाण्यानंतरच्या हंगामात सामन्याआधी दोन मिनिटं शांतता पाळली. शिट्टी वाजली, आणि पाचव्या मिनिटाला तोच डावा बॅक पुन्हा पुढे जाऊन अडकला. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा असते तर याला आज सोडला नसता." सगळे हसले आणि तिथल्या तिथे वाद सुरू झाला: मामांचं म्हणणं बरोबर होतं का? बॅकने पुढे जावं का? तो वाद मध्यंतरापर्यंत टिकला. माझ्या माहितीतली ही सगळ्यात चांगली श्रद्धांजली.

आज काय चाललंय? 'यांच्या स्मरणार्थ' चषक वाढले, चषकांची उंची वाढली, फ्लेक्स तर विचारू नका. त्या फ्लेक्सवर दिवंगताचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे मधोमध. चषक देऊन झाला की ऋण फिटलं. कट्ट्यावरची पोरं माद्रिदच्या राखीव खेळाडूंची नावं घडाघडा म्हणतात. गावच्या संघाचा हाफबॅक कोण, हे विचारलं की मोबाईलमध्ये बघतात. कोल्हापुरात तर वादाची जागा दगडांनी घेतल्याचे प्रसंग घडले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ज्याला मुद्दा मांडता येत नाही तो दगड उचलतो, एवढंच मी त्यावर म्हणेन.

यावर काही सुधारक सांगतात की स्पर्धा बंद करा, तो पैसा अकादमीला द्या. ऐकायला छान. पण स्पर्धा बंद झाली की गर्दी जाते, गर्दीबरोबर कट्टा जातो आणि कट्ट्याबरोबर वर्गणी. मग अकादमीला पैसा देणार कोण? पुन्हा एखादी कंपनी, तिचा हिशेब बदलेपर्यंत. स्पर्धा राहू दे. फक्त दातृत्वाची रीत बदलू दे.

माझी सूचना साधी आहे, आणि यंदा स्पर्धेच्या बैठकीत मी ती मांडणार आहे. वडिलांच्या, काकांच्या, मित्राच्या नावाने ज्यांना चषक द्यायचा आहे, त्यांनी चषक लहान घ्यावा आणि उरलेल्या पैशातून बारा-चौदा वर्षांच्या पोरांना वर्षभराचे बूट आणि चेंडू द्यावेत. समारंभात भाषणाऐवजी त्या माणसाला कुठला खेळाडू आवडायचा आणि कुठला अजिबात आवडायचा नाही, ते कुणीतरी उभं राहून सांगावं. मैदान गप्प बसणार नाही, याची मी हमी देतो. आणि एक स्मृती-बक्षीस हाफबॅकला ठेवावं. निवडायचं कसं, हा प्रश्न पुन्हा येईल. निवड चहाच्या गाड्यावर करा. समिती तयार आहे, मानधन मागत नाही, आणि पहिल्याच बैठकीत तिच्यात मारामारी होईल इतके उमेदवार तिच्याकडे आहेत.