खेळांचा संगणक: पैसे कुठे घालावेत?

साठवलेल्या पैशांतून खेळांसाठी संगणक जुळवू पाहणारा विद्यार्थी बहुधा महागड्या प्रोसेसरला भुलतो. त्याला एक गणित घाला. पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. प्रोसेसरमध्ये कोअर मोजकेच, पण हरहुन्नरी. ग्राफिक्स कार्डात साधे, पण शेकडो-हजारो. एकसारखे हिशेब ते एकाच वेळी उरकतात. म्हणून खर्चाचा मोठा वाटा कार्डाला द्यावा. प्रोसेसर मध्यम चालेल. ठिपके कमी असलेला पडदा घेतला, तर कार्डही स्वस्तातले पुरते. वीजपुरवठ्याच्या एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर नको. तो बिघडला, तर त्याच्याबरोबर बाकीचे भागही जाऊ शकतात.