एका रोगाआड दुसरा रोग

राखणीचा कुत्राच घरच्या कोंबड्या मारू लागला, तर तो एकीवर थांबेल असा भरवसा नसतो. आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्तीही कधी अशीच स्वतःच्या अवयवांवर उलटते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथी एकाच रोग्यात बिघडल्याचे जर्मनीतील डॉ. श्मिट यांनी १९२६ साली नोंदवले. काहींना जोडीला मधुमेहही होतो. असे रोगी थोडे असतात, पण चूक जिवावर बेतते.

म्हणून आम्ही वाचकांना सांगतो की, थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर रोगी अधिकच गळून जात असेल, वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, सारखे मीठ खावेसे वाटत असेल, तळहाताच्या रेषा व हिरड्या काळवंडत असतील, तर ‘ऊन बाधले’ म्हणून घरी बसू नये. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी दुबळ्या असताना नुसती थायरॉईडची गोळी घातक ठरू शकते. त्या ग्रंथींचे औषध आधी सुरू करावे लागते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर नेहमीच्या मात्रेनेच वारंवार फार उतरू लागली, तरी हाच संशय घ्यावा.

रक्त तपासून निदान होते. औषध जन्मभर घ्यावे लागते, पण माणूस पुन्हा शेतात उभा राहतो. कोणतीही गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. ताप किंवा उलट्या झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.