रांग आणि सभा

लोकप्रतिनिधी निवडून आला की त्याच्या दारी रांग लागते. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला बदली, कुणाला इस्पितळासाठी चिठ्ठी. या रांगेलाच आपल्याकडे लोकसंपर्क म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः रांगेतला प्रत्येक माणूस एकटा असतो. शेजाऱ्याला मिळाले ते आपल्याला का नाही, एवढाच त्याचा प्रश्न. अशा रांगेतून संघटना उभी राहत नाही. ती उभी राहायची तर सर्वांच्या मालकीची, पण सर्वांना पुरेशी नसलेली एखादी वस्तू हिशेबासह सर्वांपुढे ठेवावी लागते.

हिवरे बाजार येथे ही वस्तू पाणी होती. नगर जिल्ह्यातील हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातले; पोटासाठी माणसे गाव सोडून जात. 1989 मध्ये वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरउतारावरील चर, बांधबंदिस्ती ही कामे झाली. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. 2020 मध्ये पवारांना पद्मश्रीही जाहीर झाली. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ग्रामसभेतली आहे. पडलेला पाऊस मोजायचा, त्यावरून गावाला किती पाणी मिळाले याचा अंदाज बांधायचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे, असा तो पाण्याचा ताळेबंद. ऊस आणि केळी त्यात बसली नाहीत. शेतीसाठी कूपनलिका घेण्यावरही गावाने बंदी घातली.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. विहिरी वेगळ्या असल्या तरी भूगर्भातील साठा एकच असतो. आपण काटकसर करायची आणि शेजाऱ्याने उपसा करायचा, असे होणार असेल तर शहाणा शेतकरी काटकसर करणार नाही. भर सभेत वाचून दाखवलेला आकडा ही भीती कमी करतो, कारण तो शेजाऱ्यानेही ऐकलेला असतो. अर्थात गाव जेमतेम सव्वा हजार वस्तीचे, सगळे एकमेकांना ओळखणारे. ही अनुकूलता मोठ्या गावाला नाही, हे मान्य केले पाहिजे.

केरळने 1996 मध्ये लोकयोजना मोहीम काढली, तेव्हा राज्याच्या योजनाखर्चातील 35 ते 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे ठरवले. ठरवण्याजोगे काही हाती असल्यामुळेच सभांना गर्दी झाली. पुढे मात्र सभेला येणाऱ्यांत लाभार्थ्यांचा भरणा होऊ लागला आणि मध्यमवर्ग फिरकेनासा झाला, अशी टीका झाली. म्हणजे रांग तिथेही परतली, फक्त सभागृहात.

महाराष्ट्रात ग्रामसभेला गणपूर्ती नसली तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते. सोय उत्तम आहे! रिकाम्या खुर्च्यांसमोर ठराव संमत करणाऱ्या सरपंचाला त्यामुळे कायद्याचे भय राहत नाही.

शहरातील शिक्षकाची वा कारकुनाची स्थिती तर याहून अवघड आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. ग्रामसभेसारखी मतदारांची सभा दिली नाही. नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेरचे बाकडे तेवढे त्याच्या वाट्याला आले आहे.