फोटोत न दिसणारा घोडा

"पायातलं भाईर काढा," वस्तादांनी तालमीच्या दारातच सांगितलं. मग माझ्या मदतनिसाच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् त्या तुमच्या घोड्याचं पाय बी धुवा."

घोडा म्हणजे आमचा लाइट स्टँड. काम एका दिवाळी अंकासाठी पैलवानांची पोर्ट्रेट्स काढायचं होतं आणि तालीम कोल्हापुरातली जुनी होती. तिथल्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कित्येक महिने मळलेली असते. मुलं रोज तिला नमस्कार करून मगच अंगाला लावतात. रस्त्यावर उभा राहिलेला स्टँड तिथं तसाच नेणं कुणालाच रुचलं नसतं. मदतनीस पोरानं नळाखाली तिन्ही पाय चोळून धुतले, पंच्याने कोरडे केले, मारुतीच्या तसबिरीपुढे डोकं टेकवलं. मग आम्ही आत गेलो. वस्तादांचा चेहरा तिथेच निवळला, आणि पुढचा सगळा वेळ ते स्वतः पोरांना उभं राहायला सांगत होते.

पानभर छापलेल्या पोर्ट्रेटमध्ये वाचकाला माणूस दिसतो, त्याच्या गालावर उतरलेला मऊ उजेड दिसतो. तो उजेड ज्याच्या डोक्यावर बसून आला, तो स्टँड चौकटीच्या बाहेर उभा असतो. नवी मुलं सल्ला विचारायला येतात तेव्हा कुठला फ्लॅश घेऊ, कुठली लेन्स घेऊ, हेच विचारतात. स्टँड आणि छत्री उरलेल्या पैशांत घ्यायची, असा सगळ्यांचा हिशेब असतो. माझा क्रम नेमका उलटा आहे. जिथे जायचं तिथली जमीन, छत आणि वारा आधी बघायचा, त्यावरून स्टँड ठरवायचा. त्या स्टँडला पेलेल एवढीच छत्री घ्यायची. फ्लॅशचा विचार त्यानंतर.

तालमीचंच घ्या. बाहेरच्या मानाने आत काळोख होता, खिडक्या लहान, छत बुटकं. मोठा स्टँड पूर्ण उंच करायला जागाच नव्हती. पांढरी आरपार छत्री, म्हणजे जिच्या कापडातून उजेड गाळून पलीकडे जातो ती, तिथे बिलकूल चालली नसती. अशी छत्री पुढे जेवढा उजेड टाकते, जवळजवळ तेवढाच मागेही उधळते. मागचा उजेड तांबड्या मातीवर आणि भिंतींवर आपटून परततो आणि सावलीतल्या गालावर विटकरी झाक चढवतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती चटकन लक्षातही येत नाही. छापून आल्यावर मात्र माणूस तापानं फणफणल्यासारखा दिसतो. म्हणून मी बाहेरून काळं अस्तर आणि आतून पांढरं कापड असलेली छत्री नेली होती. फ्लॅश छत्रीच्या पोटात मारायचा आणि परतलेला उजेड पैलवानावर घ्यायचा. मागे थेंबभरही सांडत नाही. आतून चंदेरी असलेली छत्रीही मिळते आणि ती उजेड जास्त परतवते. पण तेल आणि घामानं चकाकणाऱ्या अंगावर चंदेरी छत्री वापरली की खांद्यावर, कपाळावर पांढरे डाग पडतात आणि त्यात कातडीचा पोत हरवतो. पैलवानाची कातडी म्हणजे त्याच्या मेहनतीची नोंद असते. ती पुसून कशी चालेल?

उंचीचाही प्रश्न होताच. सहा फुटी माणूस उभा असेल तर उजेड त्याच्या डोळ्यांच्या बराच वरून, साधारण आठ फुटांवरून यावा लागतो. नाहीतर हनुवटीखाली सावली पडत नाही आणि चेहरा चपटा दिसतो. आमचा घडीचा स्टँड जेमतेम सव्वासहा फुटांपर्यंत जातो. म्हणून पैलवानाला हौद्याच्या कडेला बसवलं. तो बसला, मांडीवर हात ठेवले, आणि उभ्याच्या ताठ पवित्र्यापेक्षा कितीतरी मोकळा झाला. अंकात छापला गेला तो बसलेलाच फोटो.

हे घडीचे स्टँड आले कुठून, तेही सांगायला हवं. १९६०च्या दशकाच्या शेवटापर्यंत स्टुडिओचे स्टँड अवजड असायचे आणि ते उचलायला वेगळा माणूस लागायचा. इटलीतल्या बस्सानो देल ग्राप्पा या गावचे लीनो मॅनफ्रोटो स्वतः वृत्तपत्रांसाठी फोटो काढायचे. सामान वाहण्याचा जाच त्यांना अंगावरचा ठाऊक होता, म्हणून त्यांनी हलके, सहज उघडमीट होणारे स्टँड बनवायला घेतले. १९७२ मध्ये त्यांना जिल्बेर्तो बातोक्यो हा तंत्रज्ञ जोडीदार मिळाला आणि पुढे मॅनफ्रोटो हे नाव जगभर गेलं. त्यांच्या कंपनीचा 'नॅनो' स्टँड मिटल्यावर सुमारे ४९ सेंटिमीटरचा होतो, कारण त्याचे पाय उलटे वर दुमडून दांड्याला चिकटतात. एसटीच्या वरच्या फळीवर, लोकलच्या रॅकवर, पाठीवरच्या सॅकमध्ये तो मावतो. मुंबई-पुण्याहून एकट्यानं निघून गावोगाव फोटो काढणाऱ्याला ही लांबी फार महत्त्वाची वाटते, आणि ती आहेच. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पाच नळ्या एकात एक बसवायच्या म्हणजे सगळ्यात वरची नळी बारीकच होणार. पूर्ण उंच केल्यावर ती हलते, आणि दीड किलोपेक्षा जास्त वजन तिच्यावर टाकायचं नसतं.

दुसरं नाव डेव्हिड हॉबी यांचं. अमेरिकेतल्या 'बाल्टिमोर सन' या दैनिकात ते छायाचित्रकार होते. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उतरवून स्टँडवर चढवायचा, त्याला छत्री लावायची आणि कुठेही स्टुडिओसारखा उजेड उभा करायचा, ही पद्धत त्यांनी २००६ पासून हजारो लोकांना फुकट शिकवली. आपल्याकडच्या लग्नाच्या आणि वर्तमानपत्राच्या फोटोग्राफर मंडळींनी ती झपाट्यानं उचलली. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात छत्री आणि ती फ्लॅशसकट स्टँडवर धरणारं ब्रॅकेट मागितलं तर आज कुणी चेहऱ्याकडे बघत बसत नाही.

पण त्या धड्यांबरोबर वारा आला नाही. तो ज्याचा त्यालाच शिकावा लागतो.

उघडी छत्री म्हणजे होडीचं शीड. ४३ इंची छत्रीवर ताशी २० किलोमीटरचा वारा, म्हणजे धूळ उडवणारा आणि लहान फांद्या हलवणारा वारा, सुमारे दोन किलोचा रेटा देतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण हा रेटा बसतो सहा फुटांवर, आणि खाली दीड-दोन किलोचा स्टँड मीटरभर घेरात उभा असतो. तो आडवा होणारच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून मघाशी उभा राहिलेला स्टँड एका झुळकीसरशी जातो आणि सगळे चकित होतात. एका लॉनवरच्या लग्नात माझ्यासमोर एक मोठी छत्री स्टँडसकट कोसळली. नवरीची आजी ज्या खुर्चीवर बसली होती त्या खुर्चीच्या हातावर फ्लॅश आपटला. आजीला काही झालं नाही. पण तेव्हापासून समोर बसणारं माणूस म्हातारं असेल किंवा लहान मूल असेल, तर मी स्टँडला मोकळा सोडत नाही. कुणाचा तरी हात त्यावर असतोच.

कोकणात हे जास्तच खरं. मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची पोर्ट्रेट्स काढायला गेलो होतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, तेव्हा छत्री उघडायचं नावच घ्यायचं नाही. रात्री जमिनीवरून मतलई वारा वाहतो. सकाळी एक वारा मंदावून दुसरा सुरू व्हायचा असतो आणि मध्ये काही वेळ हवा पडते. किनाऱ्यावरचं छत्रीचं काम त्या वेळात. रापणही पहाटेच लागली होती, त्यामुळे दोन्ही जमून आलं. वाळूचं वजन घेऊन प्रवास करायला नको म्हणून आम्ही स्टँडला टांगायच्या पिशव्या रिकाम्याच नेतो आणि जागेवर भरतो. एका म्हाताऱ्या रापणकरानं आमची खटपट पाहिली, होडीतला दोर आणला, स्टँडच्या मानेला एक फास टाकून दोर दोन बाजूंना ताणला आणि होडीच्या कड्यांना बांधला. "आता वारो ह्येका काय करतलो?" म्हणाला आणि जाळ्याकडे परत गेला. तशी गाठ मला अजून येत नाही. पण दोन बाजूंनी ताण देण्याची युक्ती त्या दिवसापासून आमच्या सामानात आहे, आणि बरोबर पातळ नायलॉनचा दोर असतोच.

पिशवी टांगायचीही रीत असते. अधांतरी टांगली तर ती वाऱ्यानं झुलते आणि स्टँडलाही झुलवते, म्हणून तिचा तळ जमिनीला किंचित टेकला पाहिजे. तीन पायांपैकी एक पाय ज्या बाजूला छत्री झुकली आहे त्याच बाजूला ठेवायचा. पाय पूर्ण फाकवायचे, मात्र मधली दांडी जमिनीला टेकू द्यायची नाही. सिनेमाच्या सेटवरचे लाइटमन हे न सांगता करतात. त्यांचा सी-स्टँड जड असतो आणि त्याचे तीन पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात. वजन नेहमी सगळ्यात उंच पायाच्या बाजूला घ्यायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. नव्या मुलांनी एखाद्या लाइटदादाबरोबर एक दिवस नुसतं उभं राहावं.

पायऱ्यांवर आणखी वेगळा खेळ. वाईजवळ मेणवलीचा घाट आहे, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. 'स्वदेस' सिनेमामुळे तो अनेकांना ओळखीचा झाला. कृष्णेच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्यांवर साधा तिपाई स्टँड नीट बसत नाही, एक पाय कायम हवेत राहतो. पाय लांब करता येणारे स्टँड मिळतात. ते महाग आणि जड असतात, तरी डोंगरात आणि घाटांवर काम करणाऱ्यानं एक बाळगावा असं मला वाटतं. तो नसेल तर फ्लॅश आणि छत्री एकपायी मोनोपॉडवर चढवून माणसाच्या हाती द्यायची. अमेरिकी छायाचित्रकार ॲनी लिबोवित्झ यांच्या बाहेरच्या कामाची पडद्यामागची दृश्यं पाहिली तर मोठ्या सॉफ्टलायटर छत्रीजवळ बहुतेक वेळा एक मदतनीस दिसतो. एवढं सामान आणि एवढा पैसा असूनही तिथे माणूस लागतोच. वारा आला की तो छत्री तिरकी करतो, माणूस वळला की दोन पावलं सरकतो. लोखंडाला हे जमत नाही.

मेणवलीतच एका आजीला घाटावर बसवलं होतं. डोक्यावर ऊन होतं आणि आमची पांढरी छत्री तिच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर. ती म्हणाली, "बाळा, ती छत्री जरा इकडं धर की, ऊन लागतंय." मदतनिसानं फ्लॅशसकट छत्री तिच्यावर धरली. उन्हाच्या जागी सावली आली आणि आजीचे डोळे उघडले. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर ॲपर्चर एफ/११च्या आसपास जातं. छोटा फ्लॅश छत्रीतून पूर्ण ताकदीनं मारला तरी जेमतेम तिथवर पोचतो आणि प्रत्येक फोटोनंतर दम घेत बसतो. सावलीत तोच फ्लॅश पाव ताकदीवर भागतो. आजीला काय हवं ते तिला बरोबर कळलं होतं. आता मी दुपारच्या कामात आधी सावली शोधतो आणि मग दिवा काढतो. सावली मिळणारच नसेल तर २०० वॉट-सेकंदाचा मोठा फ्लॅश नेतो, म्हणजे स्टँडही जाड लागतो.

दुकानात उभं राहून घेताना काय पाहायचं? स्टँड पूर्ण उंच करून मागायचा, वरचं टोक दोन बोटांनी हलवायचं आणि थरथर किती वेळ राहते ते बघायचं. टोकाचा खुंट धातूचा हवा, प्लास्टिकचा नको. छत्रीच्या काड्या फायबरच्या असतील तर वाऱ्यानं उलटी झालेली छत्री परत सरळ होते. पोलादी काडी एकदा वाकली की वाकलीच. दोनदा दुमडणाऱ्या छोट्या छत्रीची दांडी पोकळ असते, ब्रॅकेटचा स्क्रू जोरात आवळला तर ती चेपते. ब्रॅकेटवर मात्र पैसे वाचवू नयेत. त्यातलं छत्रीचं भोक मुद्दाम किंचित तिरकं पाडलेलं असतं. ब्रॅकेट अशा बाजूनं लावायचं की दांडी फ्लॅशच्या तोंडाकडे झुकेल आणि उजेड छत्रीच्या मध्यावर पडेल. उलटं लावलं की अर्धी छत्री अंधारात राहते, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं अशाच अर्ध्या छत्रीवर काम करतात. फ्लॅश जिथे सरकवतो ती खाच धातूची असेल तर तळाशी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावावी. नाहीतर फ्लॅशच्या पायाचे बिंदू धातूला टेकतात आणि तो मनाला येईल तेव्हा उडतो.

चष्मेवाल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. मोठी छत्री चष्म्याच्या काचेत काड्यांसकट दिसते. स्टँड आणखी वर घ्यायचा, छत्री बाजूला न्यायची, आणि तरीही दिसली तर चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित वर उचलायला सांगायच्या. काचा थोड्या खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जातं. एका कीर्तनकारांचा फोटो असाच झाला. त्यांना काही सांगायच्या आत त्यांनी स्वतःच चष्मा सारखा केला. निरूपण करताना ते तसंच करतात म्हणे.

काम संपलं की आधी छत्री मिटायची, मग फ्लॅश उतरवायचा, मग नळ्या एकेक करून खाली घ्यायच्या. हा क्रम आमच्याकडे कुणी मोडत नाही. मिटण्याआधी प्रत्येक नळी कोरड्या फडक्यानं पुसायची, कारण तालमीची माती असो की मालवणची वाळू, एक कण आत गेला की पुढच्या वेळी नळी अडते. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्यानं धुवायचं. छत्री ओली असेल तर घरी रात्रभर उघडी ठेवायची. मदतनीस पोरगं आता स्वतःची कामं घेऊ लागलंय. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, पहिल्या कमाईतून काय घेऊ म्हणून. मी जाडा स्टँड सांगितला. तो म्हणाला, "सर, तो कालच घेतला. छत्री कुठली घेऊ ते सांगा."