पिचकारीतलं पाणी

कान वाहणाऱ्या रुग्णाला खुर्चीत बसवायचं, पिचकारीने कानात पाणी सोडायचं आणि घाण धुऊन काढायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नातल्या कर्णचिकित्सालयात हे रोजचंच काम होतं. कित्येकांना चक्कर येई, तीही रोजचीच. डॉ. रॉबर्ट बाराणी मात्र अशा वेळी रुग्णाच्या डोळ्यांत पाहत. बुबुळं हळूच एका बाजूला सरकत आणि झटक्यासरशी परत येत.

एका रुग्णाने तक्रार केली: घरी कान धुतो तेव्हा चक्कर येत नाही, इथलं पाणी गार असतं. नर्सच्या मते पाणी पुरेसं कोमट होतं. बाराणींनी रुग्णाचं ऐकलं. पुढच्या खेपेला पाणी इतकं गरम निघालं की रुग्ण ओरडलाच. चक्कर पुन्हा आली, पण आता बुबुळांचे झटके उलट दिशेने!

मेख तापमानात होती.

आतल्या कानात द्रवाने भरलेल्या 3 अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. तापलेलं पाणी बंबात वर चढतं आणि गार खाली बसतं, तसाच हा द्रव हलतो आणि स्वस्थ बसलेल्या माणसालाही आपण फिरतोय असं वाटतं. डोक्याची ठेवण बदलली की झटक्यांची दिशाही बदलते, हेही बाराणींनी पडताळलं. पाणी सोडूनही डोळे हललेच नाहीत, तर त्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय बिघडलेलं.

लहानपणी हाडांच्या क्षयाने बाराणींचा गुडघा कायमचा आखडला होता. तरीही पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर प्शेमिशलच्या किल्ल्यात शस्त्रक्रिया करायला गेले. मेंदूत गोळी लागलेल्यांची जखम साफ करून ती लगेच टाके घालून बंद करण्याची पद्धत त्यांनी तिथे वापरली. मार्च 1915 मध्ये किल्ला पडला आणि ते रशियनांचे युद्धकैदी झाले. मध्य आशियातल्या मर्वच्या छावणीत असतानाच त्यांना कानातल्या तोलाच्या संशोधनासाठी 1914 सालचं नोबेल मिळाल्याची बातमी कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेड क्रॉसतर्फे रदबदली केली, तेव्हा 1916 मध्ये सुटका झाली.

व्हिएन्नात परतल्यावर स्वागत कडवट झालं. इतरांच्या संशोधनाचं श्रेय दिलं नाही, असा सहकाऱ्यांचा आरोप होता. 1917 मध्ये ते स्वीडनमधल्या उप्सालाला गेले आणि 1936 मध्ये तिथेच वारले.

1983 मध्ये अंतराळातल्या स्पेसलॅबमध्ये कान गरम-गार करण्याची बाराणींची चाचणी झाली. तिथे गरम द्रव वर चढत नाही, तरी डोळ्यांनी झटके दिलेच. बाराणींचं स्पष्टीकरण अपुरं ठरलं. चाचणी मात्र कान-नाक-घशाचे डॉक्टर आजही करतात.